न पेरलेल्या रानातली येळवस

जमिनीत काही उगवलेलं नाही, हे बघून यायचा मला पगार मिळत होता. हे मी माझ्या भावाला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सुमे, तब्येत बरी हाय ना? उन्हात लई फिरतीस का?"

भाऊ गावाकडे कापूस लावतो. लातूर-नांदेडच्या शिवेवर आमचं गाव, काळी जमीन. लहानपणी मीही वेचणीला जायची, त्यामुळे कापसाचं बोंड बोटाला कसं टोचतं ते मला सांगायला नको. तर त्याला मी समजावलं, की इथे कतारमध्ये जमिनीखालचं पाणी खाली चाललंय आणि जे आहे ते खारट होत चाललंय. मजरा म्हणजे इथली शेतं. तिथे जत लावतात, आपला लसूणघास, शेळ्या-उंटांना घालायला. ते जत पाणी पितं म्हणजे किती पितं! म्हणून सरकार काही मजरावाल्यांना म्हणतं, बाबा, तू लावू नकोस, तुझी विहीर बंद ठेव, आम्ही तुला भरपाई देतो.

"म्हंजे न पेरायचे पैसे?"

"हो."

"आन तू जाऊन बघतीस, खरंच पेरलं न्हाई का?"

"हो."

"मग आमच्याकडं कवा चालू करायलेत? कापूस न लावायचे पैसे देत असतील तर मी आजपासून बसतो. लावलेल्यापेक्षा न लावलेलाच बरा येईल."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण नंतरची सगळी वर्षं, गाडी चालवताना, रस्त्यांच्या कामांसाठी लावलेल्या बॅरिकेडच्या रांगेत अडकले की मला त्याचं ते बोलणं आठवायचं आणि हसू यायचं नाही. दमायलाच व्हायचं. काम अवघड नव्हतं हो. पण ज्या बाईचं बालपण रानात काय उगवलं ते बघण्यात गेलं, तिने म्हातारपणी रानात काय उगवलं नाही ते बघत हिंडायचं, याने माणूस आतून थकतो. पाय दुखत नाहीत. दुसरंच काहीतरी दुखतं.

मी या कामात कशी आले ते थोडक्यात सांगते, कारण इथल्या मराठी मंडळातल्या नव्या सुना विचारतात. आमचे हे हमद पोर्टवर क्रेनवर होते. मी आधी डबे करायची. शिक्षण बेताचं. शेजारी एक सुदानी कुटुंब होतं, त्यांच्या बाईशी जिन्यात बोलून बोलून अरबी आली. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, तिसऱ्या परीक्षेत पास झाले. त्या शेजारणीचा दीर इद्रीस पाण्याच्या कामाच्या एका कन्सल्टन्सीत इंजिनिअर होता. त्याला गाडी चालवणारं, मजरेवरच्या हिंदी बोलणाऱ्या माणसांशी बोलणारं आणि घरात बायका असल्या तर आत जाऊ शकणारं कुणीतरी हवं होतं. "उम् महेश, तू येशील?" असं त्याने विचारलं. महेश माझा मुलगा, उम् म्हणजे आई, आणि त्यांच्यात बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. महेश आम्हाला इंग्लिशमध्ये म्हणाला, आई, हे डेंजरस आहे. मी म्हटलं, यल्ला, चला, बघू.

तर हे काम असं. महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेल्या मजरांवर जायचं. इद्रीस विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते बघणार, बाटलीत पाणी घेऊन खारेपणा मोजणार. मी बांधाबांधाने फिरणार. खजुराची झाडं चालतात, माणसांना प्यायचं-धुवायचं पाणी चालतं, बाकी जमीन उघडी पाहिजे. हंगाम संपताना शेवटची फेरी. त्या फेरीत इद्रीस जे लिहील, त्यावर त्या मजरेची भरपाई मिळणार की बंद होणार ते ठरायचं. त्याच्या कागदावर खरं तर एकच प्रश्न असायचा: काही लावलंय का?

आता तुम्हाला वाटेल, यात बघायचं काय? डोळे उघडे असले की झालं. तसं नसतं. मालक लोक काय काय करायचे! विहिरीवर गेले की मी आधी मोटारीवर हात ठेवायची, लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. गार असली तर ठीक. कोमट लागली की समजायचं, सकाळी चाललेली आहे. मग पाखरं बघायची. कोरड्या जमिनीवर चंडोल उडतो-बसतो, त्याचं काही नाही. पण चतुर, तो जाळीदार पंखांचा किडा, भिरभिरताना दिसला की तिथे ओल आहे म्हणजे आहेच. ओल असेल तिथे मातीचा रंगही जरा गडद असतो, आणि कडेने मिठाची पांढरी रेघ उमटते. हे मला कुणी शिकवलं नाही. फिरून फिरून कळलं.

एक मजरावाला होता, त्याने रिकाम्या जमिनीवर खजुराची झाडं आणून उभी केली होती. शेकड्यांनी. फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी सगळ्या रस्त्यांच्या कडेला झाडं लावायची होती, तर कुठल्यातरी ठेकेदाराने ती तोवर ठेवायला त्याची जागा घेतलेली. आम्ही गेलो तर अख्खं बन! मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "लावलेलं नाही. पिशवीत आहे. जमिनीत नाही." आणि खरंच, प्रत्येक झाड काळ्या पिशवीत. इद्रीस मोठा काटेकोर माणूस. त्याने एकेक झाड वाकवून पिशवीखाली बघायला सुरुवात केली. काहींची मुळं पिशवी फोडून जमिनीत गेलेली. "हे लावलेलं झालं," इद्रीस म्हणाला. मालक म्हणाला, "मी नाही लावलं. ते स्वतः गेलं." दोघं भर उन्हात वाद घालताहेत, आणि मी मध्ये उभी राहून दोघांच्या बोलण्याला मान हलवतेय. शेवटी मालकाने माणसं लावून तेवढी झाडं उचलून दुसरीकडे ठेवली. मुळं तुटताना जो आवाज आला तो काही मला ऐकवला नाही.

दुसऱ्या एकाने स्टेडियमच्या हिरवळीच्या गुंडाळ्या ठेवून घेतल्या होत्या, चटया गुंडाळून ठेवाव्यात तशा. त्याचं म्हणणं, हे गवत नाही, माल आहे. असे दिवस होते ते. सगळीकडे काहीतरी लावायची घाई चाललेली आणि आम्ही दोघं, कुठे काही लागलेलं नाही ना, हे तपासत हिंडतोय. इद्रीसचे वडीलही सुदानात कापूस लावायचे. एकदा गाडीत तो म्हणाला, "उम् महेश, माझ्या आणि तुझ्या बापाने आपल्याला या कामावर बघितलं असतं तर काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "माझा बाप म्हणाला असता, पाणी पी आणि झोप जरा." तो हसला. इद्रीस फार क्वचित हसायचा.

आता या योजनेतली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मालकाला भरपाई मिळते, पण जतच नाही म्हटल्यावर माणसं कशाला ठेवायची? पाणी देणारे, कापणारे, गठ्ठे बांधणारे. पहिल्या वर्षातच कितीतरी मजरा रिकाम्या झाल्या. जवान पोरं बिल्डिंगच्या, रस्त्याच्या कामाला गेली. ज्यांचं वय झालं होतं ती घरी. एका मजरेची भरपाई बंद झाली तर पुढच्या फेरीला आम्हाला गेटवर कुलूप दिसलं. आत खाटा तशाच उभ्या करून ठेवलेल्या.

बू नासर म्हणून एक मालक होता, उत्तरेकडे त्याची मजरा. त्याने मात्र चार माणसं ठेवली. खजूर, शेळ्या, राखण. आम्हाला कॉफी पाजताना तो उघड सांगायचा, "भरपाई येते तोवर ही माणसं माझी. बंद झाली तर मी काय वाळूला पगार देऊ? खलास." माणूस वाईट नव्हता. जे होतं ते तोंडावर बोलायचा.

त्या चौघांत तीन नेपाळी आणि एक आपला, दिगंबर, उदगीरकडचा. पन्नाशी उलटलेली, कंबर गेलेली. कुठलीच कंपनी त्याला घेणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. मुलगी फार्मसीला शेवटच्या वर्षाला. "तेवढं तिचं झालं की मी मोकळा, ताई. मग मला कुठंबी बसवा," असं तो प्रत्येक फेरीला म्हणायचा. मी त्याच्यासाठी घरून तिळाची चटणी न्यायची. तो मला खजूर द्यायचा. शेजारच्या तालुक्यातलं माणूस परदेशात भेटलं की ते नात्यातलंच होतं.

वर्ल्डकपच्या आधी दोन हिवाळे. शेवटची फेरी. रस्ते रोज बदलत होते. काल होता तो चौक आज नसायचा, त्यामुळे बू नासरकडे पोचायलाच आम्हाला उशीर झाला. इद्रीस विहिरीकडे गेला. मी नेहमीसारखा मोटारीला हात लावला. गार. बरं वाटलं. बांधाने चालत गेले. जतचे गठ्ठे ठेवायची जुनी शेड होती, तिच्या मागे वळले आणि चतुर दिसला. एक नाही, दोन-तीन.

शेडच्या पाठीमागे अंगणाएवढा तुकडा हिरवागार. ज्वारी. गुडघ्याला लागेल एवढी. तिच्यात हरभरा. एका कडेला आंबटचुका, कोथिंबीर. आणि मध्ये खजुराच्या झावळ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, तिच्यात पाच दगड पांढऱ्या सिमेंटने रंगवून मांडलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. वेळा अमावस्या. घराला कुलूप लावून सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे, खीर. आधी पिकाला आंबील शिंपडायची, मग माणसांनी जेवायचं. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आमच्याकडे दिवाळी नाही केली तर चालतं, येळवस नाही केली तर माणूस तोंड दाखवत नाही.

तर हे मला एका नजरेत कळलं. आणि त्याच नजरेत हेही कळलं, की आज शेवटची फेरी आहे.

दिगंबर मागून आला. "बघितलंत का," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हे काय करून ठेवलंत, दिगंबरभाऊ?"

"दोन वर्सं उघड्या मातीवर शिंपडलं, ताई. मन लागंना. बायकोनं बियाणं धाडलं एकाजवळ, मसाल्याच्या पुडीत. विहिरीचा थेंब घेतला न्हाई, पोरीची शपथ. चौघांचं आंघोळीचं पाणी, बादलीबादलीनं."

"पाणी कुठलं ते कुणी विचारत नाही. लावलंय का, एवढंच विचारतात."

"येळवस सोमवारी हाय. सोमवार झाला की उपटतो."

"आज लिहायचंय. आज!"

"मग लिहा."

"लिहिलं तर बू नासर काय करील ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय." तो खाली बसला, कमरेला हात लावून, हळूहळू. "पोरीची परीक्षा उन्हाळ्यात हाय. मला वाटलं, ताई आपल्यातल्या हायत. त्यांना दिसलं तरी दिसायचं न्हाई."

"माझं कामच दिसण्याचं आहे हो!" मी ओरडलेच. स्वतःवर की त्याच्यावर, कोण जाणे.

आवाजाने इद्रीस आला.  बांधावर उभा राहून त्याने सगळं पाहिलं. मग उकिडवा बसला, ज्वारीचं एक पान मोडलं, बोटांत चुरडून हुंगलं. "धुरा," तो म्हणाला. त्यांच्याकडे ज्वारीला धुरा म्हणतात. तिचीच भाकरी त्यांच्याकडेही होते, पातळ, घडी घालून खातात.

"हे कशासाठी, उम् महेश? खायला?"

मी त्याला सांगितलं. माझ्या मोडक्या अरबीत येळवस कशी सांगू? म्हटलं, वर्षातून एक दिवस शेताला आधी जेवायला घालायचं, मग आपण खायचं. तो दिवस सोमवारी आहे. शेत रिकामं असेल तर जेवायला कुणाला घालायचं, म्हणून या माणसाने हे लावलं.

"लावलं," इद्रीस म्हणाला.

"हो. लावलं."

त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. दिगंबर आमच्या तोंडाकडे बघत होता. तेवढी अरबी त्याला कळत होती. इद्रीसने आजवर कुणाचं काही खोटं लिहिलं नव्हतं, खजूरवाल्याचंही नाही, आणि मी त्याला ते सांगणारही नव्हते.

"आज नमाज राहिली आहे माझी," तो म्हणाला. "नंतर विहिरीचा खारेपणा परत मोजायचा आहे. मघाचा आकडा मला पटला नाही. मग या बाजूची जमीन बघीन. अजून बघितलेली नाही." आणि पाठ फिरवून चालायला लागला.

मी दिगंबरला म्हटलं, "उठा. येळवस आता करायची, तो परत यायच्या आत."

"आता? आज बुधवार हाय!"

"असू दे."

"अमावस्या कुणाच्या सोयीनं येत न्हाई, ताई."

"इथे येते. दोह्यात गणपती सुट्टीच्या शुक्रवारी उठतो, संक्रांतीचं हळदीकुंकू शुक्रवारी, दिवाळी शुक्रवारी. कुणाचं काही अडलंय का?"

"ते तुमच्या मंडळाचं. मंडळाच्या गणपतीला नोकरी हाय. रानाला न्हाई."

"रानाला नाही, पण तुम्हाला आहे ना!"

 बराच वेळ त्याने त्या ज्वारीकडे बघितलं. मी पुढे काही बोलले नाही, कारण पुढचं बोलणं माझं नव्हतं. पोरीचं नाव घेऊन त्याला उठवावं असं एकदा मनात आलं, पण ते त्यालाच ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्त. शेवटी तो कमरेवर हात देऊन उठला आणि नेपाळी पोरांना हाक मारली, "अरे, लबन निकालो फ्रिज से. पूरा निकालो."

मग जी धावपळ झाली म्हणता! लबन म्हणजे इथलं ताक, दुकानातलं. त्यात ज्वारीचं पीठ कालवून आंबील केली. रात्रभर आंबवायला वेळ कुठला, वर लिंबू पिळलं. भज्जीला फ्रिजमधला पालक, पाकिटातले मटार, रानातला आंबटचुका आणि डाळीचं पीठ. मी चुलीशी बसले. एक नेपाळी पोरगा भाकरी थापायला बसला. त्याची भाकरी माझ्यापेक्षा गोल झाली, दिगंबरने इतक्या वर्षांत शिकवली होती. पांडवांवर पांघरायला शाल नव्हती, तर दिगंबरने नवाकोरा टॉवेल आणला, त्यावर कुठल्यातरी बँकेचं नाव छापलेलं. "पांडवांचं खातं उघडलं म्हणायचं," मी म्हटलं. तो हसला नाही. हसायला हवा होता असं मला फार वाटलं.

पूजा झाली. कोपीभोवती आंबीलीचं मडकं घेऊन फिरायचं असतं, हाळी देत. मडकं नव्हतं, स्टीलचा डबा होता. दिगंबर पुढे, "ओलगे, ओलगे" म्हणत, मागे मी, मागे तीन नेपाळी, तेही "ओलगे, ओलगे". त्या हाळीचा अर्थ आमच्यात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तिघांचं काही अडलं नाही. मग दिगंबरने खजुराची झावळी आंबीलीत बुडवली आणि एकेका सरीवर शिंपडत गेला. सावकाश. कुठेही घाई नाही. एवढासा तुकडा, पण तो चालत होता जणू त्याला दहा एकर शिंपायचं आहे. मी शेडच्या कोपऱ्याकडे बघत होते, इद्रीस येतो का म्हणून. तो आला नाही. विहिरीशी उभाच होता, पाठमोरा.

शिंपून झाल्यावर आम्ही जेवायला बसणार, तर दिगंबर म्हणाला, "तुम्ही बसा." आणि तो ज्वारीत जाऊन बसला आणि उपटायला लागला. नेपाळी पोरं मदतीला उठली तर त्यांना त्याने नुसता हात केला, की बसा. एकेक धाट उपटायचा, मुळांची माती तिथल्या तिथे झटकायचा, हाताने माती सारखी करायचा आणि मग दुसरं. हरभरा वेगळा ठेवला. चुका, कोथिंबीर पोरांकडे दिली. ज्वारीचा भारा झाला तो उचलून त्याने शेळ्यांपुढे टाकला. शेळ्यांना काय, त्यांनी फराफरा ओढला. कोप मोडली. पाच दगड मात्र त्याने टॉवेलमध्ये बांधून खोलीत नेले.

इद्रीस आला तेव्हा आम्ही चटईवर बसलो होतो, समोर उघडी माती. दिगंबरने त्याला हाक मारली, "आओ, बाबा. बैठो." येळवसीला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, आणि दिगंबरने ते त्या दिवशीही मोडलं नाही. इद्रीस बसला. भाकरी मोडून त्याने आंबीलीत बुडवली, भज्जी दोनदा घेतली.  मग तो उठला, त्या तुकड्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला आणि बुटाच्या टोकाने माती उकरली.

"ओलं आहे," तो म्हणाला.

"आंघोळीचं पाणी," मी म्हटलं.

"आंघोळीला मनाई नाही." आणि त्याने उभ्याउभ्या लिहिलं.

परत येताना दोह्याच्या वेशीशी पुन्हा बॅरिकेड, पुन्हा नवा वळसा. तेव्हा तो म्हणाला, "उम् महेश, पुढच्या वर्षी नाही."

"नाही," मी म्हटलं.

भरपाई आली. बू नासरने शब्द पाळला, चौघंही राहिले. उन्हाळ्यात दिगंबरची मुलगी पास झाली. मला त्याने फोन केला, त्याच्या वतीने पेढे मीच दुकानातून आणून खायचे असं ठरलं. इद्रीसला विहिरीचं पाणी किंचित गोडं झालेलं सापडलं, तो आकडा त्याने मला तीनदा दाखवला. म्हणजे सगळं ज्यासाठी केलं ते झालं. मुलगी पास झाली की मी मोकळा असं म्हणणारा दिगंबर मात्र गेला नाही. मुलीचं लग्न निघालं होतं, आणखी एक वर्ष काढायचं ठरलं.

पुढच्या हिवाळ्यात शेवटची फेरी आली. वर्ल्डकप आता वर्षभरावर, रस्त्यांवर झेंडे लागलेले, पिशव्यांतली झाडं आता रस्त्याकडेला उभी राहिलेली. आधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता. पाऊस झाला की या जमिनी फसवतात. जुन्या जतच्या मुळ्या खाली जिवंत असतात, त्या परत डोकं वर काढतात, आणि कुणी न लावलेलं हिरवंही आम्हाला लिहून घ्यावं लागतं. मी मनातून धास्तावलेच होते.

बू नासरच्या मजरेत पाऊल टाकलं आणि थांबले. एवढी स्वच्छ जमीन मी त्या सगळ्या वर्षांत कुठे पाहिली नव्हती. जत नाही, गवत नाही, काडी नाही. अंगण सारवावं तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दंताळ्याच्या रेघा दिसत होत्या. शेडच्या मागेही तसंच. इद्रीस म्हणाला, "माशाल्ला, आपल्या सगळ्या फेरीत ही सगळ्यात चांगली पडीक जमीन." आणि खूश होऊन विहिरीकडे गेला.

दिगंबर गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. हाताची नखं काळी, बोटं चिरलेली. मी चटणीचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो मांडीवर ठेवला.

"कसं चाललंय, दिगंबरभाऊ?"

"बरं हाय. मालक खूश हाय. म्हणतो, तुला कुठं जाऊ देत न्हाई."

"काम काय असतं आता दिवसभर?"

त्याने जमिनीकडे बघितलं नाही. डब्याचं झाकण उघडून चटणीचा वास घेतला आणि पुन्हा लावलं.

"काय असतंय, ताई," तो म्हणाला. "उगवतंय ते उपटतो."